रक्त गोठते आहे का, हे आधी पाहा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा सुरू झाला की डेंग्यूच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांत ‘रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटल्या’ असे हमखास छापून येते. रक्तस्रावाच्या भीतीने ज्यांची मोजणी होते त्या प्लेटलेट्स, म्हणजे बिंबिका. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, रक्त थांबवणे हे त्यांचे काम नव्हे. सोलापुरातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत 31 वर्षे रक्ताचे नमुने तपासून मी निवृत्त झालो आहे. मात्र हे पत्र एका शब्दापुरते नाही. या गोंधळामुळे नातेवाइकांचे सारे लक्ष पेशींच्या एका आकड्यावर खिळते आणि अत्यवस्थ रुग्णाचे रक्त मुळात गोठते आहे की नाही, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

जखम बंद होण्यासाठी प्लेटलेट्सचा बांध लागतो, तसे त्यावर फायब्रिनचे जाळेही लागते. हे जाळे फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनापासून तयार होते आणि ते प्रथिन यकृत बनवते. रक्तात जंतुसंसर्ग पसरला, प्रसूतीच्या आधीच वार सुटली, मोठ्या अपघातात शरीर चिरडले किंवा घोणस अथवा फुरसे चावले, तर रक्त गोठवणारी यंत्रणा एका जागी न थांबता सर्वत्र चालू होते. जंतुसंसर्गासारख्या आजारात बारीक रक्तवाहिन्यांत असंख्य गुठळ्या धरतात, मूत्रपिंडाचा आणि बोटांचा रक्तपुरवठा तुटतो, आणि त्या गुठळ्यांतच प्लेटलेट्स व फायब्रिनोजेन खर्ची पडल्यामुळे सुई टोचलेल्या जागेतून, हिरड्यांतून रक्त झिरपू लागते. डॉक्टर याला ‘डीआयसी’ म्हणतात. आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर, सूत संपल्यावर माग कितीही चालवला तरी कापड निघत नाही. म्हणूनच एकाच रुग्णाची बोटे काळी पडतात आणि त्याच वेळी त्याचे रक्तही थांबत नाही. आयसीयूच्या दारात बसलेल्या माणसाला हे परस्परविरोधी वाटते आणि डॉक्टरांवरचा विश्वास डळमळतो. तिथे कोणीतरी पाच मिनिटे बसून हे समजावून सांगितले पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या, रक्तस्राव नसलेल्या रुग्णाला हेपॅरिन या गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाची छोटी मात्रा देतात, ती पायातील शिरेत गुठळी होऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून, हेही तेव्हाच सांगावे.

एक रात्र मी विसरू शकत नाही. तालुक्याच्या गावी प्रसूत झालेल्या एका बाईला रक्तस्राव थांबेना म्हणून सोलापूरला आणले होते. तिच्या नमुन्यांबरोबर आलेली निळ्या टोपणाची नळी निम्मीच भरलेली होती. या नळीत सायट्रेट हे रक्त गोठू न देणारे द्रव्य असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण चुकले, तर रक्त आहे त्याहून अधिक उशिरा गोठते असे मापन येते. त्यामुळे असा नमुना स्वीकारता येत नाही. दुसरा नमुना येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. दरम्यान काचेच्या साध्या नळीतले रक्त मी तिरके करून पाहिले. गाठ धरली नव्हती. ते पाण्यासारखे हलत होते. पहाटे ती बाई गेली. अर्ध्या भरलेल्या नळीमुळेच ती गेली असे मी म्हणणार नाही, पण तिचे रक्त गोठत नाही ही गोष्ट सोलापूरला पोहोचल्यावर नव्हे, निघण्यापूर्वीच कळायला हवी होती, हे आजही मला टोचते.

कळणे अवघडही नव्हते. कोरड्या, नव्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतून काढलेले पाच मिलिलिटर ताजे रक्त घेऊन ते न हलवता उभे ठेवावे. दहा मिनिटांत घट्ट गाठ धरली नाही, किंवा धरलेली गाठ विरघळली, तर फायब्रिनोजेन धोक्याच्या पातळीखाली गेले असावे असे धरून चालावे लागते. सर्पदंशात हीच तपासणी दोन मिलिलिटर रक्तावर आणि वीस मिनिटांच्या हिशेबाने करतात. फायब्रिनोजेनचा अहवाल हाती आला तरी तो वाचण्यात एक फसगत आहे. छापील मर्यादा साधारण दर 100 मिलिलिटरला 200 ते 400 मिलिग्रॅम असते. गरोदरपणाच्या शेवटी मात्र ही पातळी मुळातच 400 ते 600 पर्यंत चढलेली असते. त्यामुळे रक्तस्राव चालू असलेल्या बाळंतिणीचा 200 हा आकडा कागदावर मर्यादेत दिसला, तरी तो गंभीर इशारा असतो.

आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि करमाळ्यापासून सोलापूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे रुग्ण पाठवतानाच्या चिठ्ठीवर ‘नळीत रक्त गोठले की नाही, किती मिनिटांत’ ही एक ओळ असावी आणि रुग्णवाहिका सुटताच मोठ्या रुग्णालयाला रक्तगटासह फोन जावा, अशी आरोग्य खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. रक्त गोठवणारे घटक असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, रक्तपेढीत बर्फासारखा गोठवून ठेवतात; तो वितळायला सुमारे अर्धा तास लागतो. अक्कलकोटहून गाडी येईपर्यंत रक्तपेढीची ती तयारी पुरी होऊ शकते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात ट्रानेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध तीन तासांच्या आत द्यायचे असते, त्यासाठी सोलापूर गाठण्याची वाट पाहू नये. घरच्यांनीही रुग्ण वॉरफेरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर त्यांची पट्टी खिशात घालूनच निघावे.

तपासणीच्या या काचेच्या नळ्यांना खर्च फार नाही. प्रत्येक प्रसूतिगृहात आणि अपघात विभागात त्या हाताशी असाव्यात, त्या प्लॅस्टिकच्या नसाव्यात, आणि वापरलेली नळी साबणाने धुऊन पुन्हा घेऊ नये. साबणाचा अंश राहिला तर चांगले रक्तही गोठत नाही आणि तपासणी खोटी ठरते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सोलापूर