खाजण भरू नको, दादा

ब्रेमन (जर्मनी), जुलै

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू आपल्या खाजणाचं, खाडीकाठच्या त्या भरतीच्या पाण्यातल्या चिखलाच्या जमिनीचं विचारलंस तेव्हा मी गप्प राहिले. तिवरं काढून, भराव टाकून तो तुकडा विकून टाकायचा की नाही, यावर एवढ्या लांबून काय बोलणार असं वाटलं. परवाच्या रविवारी मात्र दिवसभर चिखल तुडवून आले आणि आता बोलल्याशिवाय राहवत नाही. आईबाबांनाही वाचून दाखव.

इथून आगगाडीने कुक्सहाफेनला गेलो. तिथला समुद्र, वाडन समुद्र म्हणतात त्याला, सुकतीला एवढा मागे हटतो की दहाएक किलोमीटरवरच्या नॉयवेर्क बेटावर पायी जाता येतं. तीन तास लागतात. वाट चुकू नये म्हणून काटक्यांचे जुडगे खोचून ठेवलेत. मधे मधे उंच खांबांवर पिंजरे आहेत, भरतीत कोणी सापडला तर शिडीने वर चढून बसायला. निघताना वाटाड्याने बजावलं, पाणी समोरून येईल म्हणून वाट बघू नका, ते वहाळांतून भरतं आणि तुमच्या पाठीमागची वाट आधी तोडतं. मला बाबाच आठवले. चिखलातल्या मुळे-शिंपल्या काढायला गेलो की ते हेच ओरडायचे, "पाठचा वहाळ बघा रे!"

त्यांना सांग, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते या त्यांच्या हिशोबाने मी इथली वेळ काढून बघितली. जमली नाही, त्या किनाऱ्याचं गणित वेगळं. पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या कमी भरतीचा भांग, भरतीचं रोज पाऊणएक तासाने पुढे सरकणं, सगळं आपल्यासारखंच.

चिखलावर जिकडे तिकडे वाळूच्या शेवयांच्या गुंडाळ्या दिसतात. एक किडा खाली राहतो, वाळू गिळतो, त्यातलं खाण्याजोगं घेतो आणि बाकीची वर टाकतो. एकटा किडा वर्षाला सुमारे २५ किलो वाळू अशी पोटातून काढतो. वाटाड्याने मूठभर गाळ माझ्या हातावर ठेवला, त्यात बोटाच्या पेराहून लहान शिंपल्या आणि गोगलगाई मोजता येईनात. हे खायला दरवर्षी एक कोटीहून जास्त पाखरं या किनाऱ्यावर उतरतात. सैबेरियातून, ग्रीनलंडहून येतात, इथे अंगावर चरबी चढवतात आणि त्यातली कितीतरी पुढे थेट आफ्रिकेपर्यंत जातात. मधे हा चिखल नसेल तर ती पोचणारच नाहीत. लाल चोचीचा, काळापांढरा कालवफोड्या हाकेच्या अंतरावर चरत होता. आणि दादा, लांब वाकड्या चोचीचा कोरल! आपल्या बांधावर थंडीत येतो तोच, त्याच जातीचा. त्याची शीळ ऐकली आणि माझे डोळे भरून आले.

परत येताना भरती चढत होती म्हणून बोटीने आलो. वाळूच्या दांड्यावर सील पहुडले होते, पिल्लांसकट. तो दांडा पूर्ण भरतीला बुडतो, त्यामुळे पिल्लाला जन्मल्यावर काही तासांतच पोहावं लागतं, आणि ते पोहतंही. किनाऱ्यावर एकटं पिल्लू रडताना दिसलं तरी हात लावायचा नाही, लांब राहायचं, असा कडक नियम आहे. पूर्वी याच सीलांना बंदुकीने मारत. मला आपली कासवं आठवली. अंडी उकरून नेणारी माणसं आजीने पाहिली होती, आणि २००२ पासून वेळासला त्याच अंड्यांची राखण सुरू झाली. आता अंजर्ल्यालाही पिल्लं समुद्रात सोडताना लोक श्वास रोखून उभे राहतात.

इथल्या लोकांनीही शेकडो वर्षं बांध घालून समुद्राकडून जमीन ओढली. मग जर्मनी, नेदरलँड्स आणि डेन्मार्कची माणसं १९७८ पासून एकत्र बसू लागली. नॉयवेर्कभोवतीचा भाग १९९० साली राष्ट्रीय उद्यान झाला. २००९ मध्ये या किनाऱ्याचा बराचसा भाग जागतिक वारसा ठरला, २०१४ मध्ये डेन्मार्कचा भागही त्यात आला. सगळा मिळून सुमारे ५०० किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर आहे, दादा.

म्हणून सांगते, खाजण भरू नको. तुला तिथे नुसता गाळ दिसतो, पण कोळंबीची आणि जिताड्याची पिल्लं त्या तिवरांच्या मुळांतच वाढतात. कुर्ल्या तिथल्याच. बाबांच्या जाळ्यात जे येतं त्यातलं बरंच तिथून निघालेलं असतं. उधाणाचं पाणी माडांपर्यंत येतं तेव्हा त्याचा जोर आधी तिवरंच मोडतात. शिवाय २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन, म्हणजे ही तिवरंच, तोडायला बंदी घातली आहे, जमीन खासगी असली तरी. घेणारा हे सांगणार नाही, उद्या अडचण तुझ्या नावावर येईल.

घराच्या छपरासाठी पैशाची नड आहे, ती मला कळते. त्या खर्चातला निम्मा भाग मी पाठवते, त्यावर वाद नको. आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाची गावांसाठी खेकडापालनाची योजना आहे, वहिनीच्या बचतगटाला तिची चौकशी करायला सांग.

मार्गशीर्षात येतेय. तोवर कोरल आलेले असतील. बाबांचे गुडघे बरे असले तर सुकतीला तिघे जाऊ, मुळ्यांसाठी टोपली काढून ठेव.

आईबाबांना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
बाय