दृश्यात काही नाही? अवरक्तात बघ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गॅमा किरण स्फोटाच्या (दूरच्या दीर्घिकेतून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक झोताच्या) जागी दृश्य प्रकाशात काहीच दिसलं नाही तर दुर्बीण दुसरीकडे वळवायची का, असं विचारलंस. मुळीच नको! उलट तेव्हाच अवरक्त कॅमेरा लाव. 23 एप्रिल 2009 चा स्फोट आठव. स्विफ्ट उपग्रहाने वर्दी दिली, दृश्य प्रकाशात जागा रिकामी. पण हवाईतल्या मौना केआवरच्या यूकर्ट दुर्बिणीने वीसेक मिनिटांत के पट्ट्यात ठिपका टिपला. (वाय, जे, एच, के हे अवरक्ताचे पट्टे; तरंगलांबी याच क्रमाने वाढते.) मग जेमिनी नॉर्थ दुर्बिणीला तो जे आणि एच पट्ट्यांत दिसला, वायमध्ये नाही. ते न दिसणंच मोलाचं ठरलं. हायड्रोजनच्या 121.6 नॅनोमीटर रेषेच्या अलीकडचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळतो. ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप) 8.2, म्हणून ती कड 9.2 पट ताणली जाऊन 1.12 मायक्रॉनवर आली, म्हणजे वाय पट्ट्याच्या पलीकडे. धुळीने असा कडेलोट होत नाही; तिच्यामुळे जे-एच रंगही लालसर होतो. म्हणून वाय कधीच वगळू नकोस, आणि त्यात काही मिळालं नाही तर कितव्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका ठिपका फिका) पाहिलं ते नक्की लिही.

खरी झुंज आकाशाशी आहे. जे-एचमध्ये सुमारे 90 किलोमीटर उंचीवरचे हायड्रॉक्सिल रेणू चमकतात आणि ती चमक काही मिनिटांतच बदलते. केमध्ये तर दुर्बिणीची आणि हवेची स्वतःचीच ऊब दिसते. तिथे लांब एक्स्पोजर दिलंस की डिटेक्टर आकाशानेच भरून जातो. दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम घे, मधेमधे दुर्बीण 15-20 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकव, निदान नऊ जागी. या फ्रेम एकमेकींवर न जुळवता प्रत्येक पिक्सेलचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढ: तारे गळतात, आकाश उरतं. ते वजा कर, मग तारे जुळवून बेरीज. शेजारी मोठी दीर्घिका असेल तर मध्यकात तीही मिसळते आणि वजाबाकीत उत्तरदीप्तीच (स्फोटामागे उरलेली, विझत जाणारी चमक, म्हणजे आपला ठिपका) खाल्ली जाते. अशा वेळी आकाशाच्या फ्रेम काही आर्कमिनिटं बाजूला जाऊन वेगळ्या घे.

एक चकवा सांभाळ. आधी तेजस्वी तारा पडलेल्या पिक्सेलवर त्याचा पुसट ठसा मागे राहतो. जुळवण्याआधीच्या फ्रेम एकामागोमाग उलगडून बघ: ठसा डिटेक्टरवर जागचा हलत नाही, खरा ठिपका ताऱ्यांबरोबर सरकतो.

प्रत टूमास या अवरक्त तारासूचीतल्या ताऱ्यांवरून काढ. ती वेगा मापनात (वेगा ताऱ्याचं तेज शून्य प्रत धरून) येते. एबी मापनातली (ताऱ्याऐवजी ठरावीक तेज आधार धरणारी) हवी तर जेमध्ये 0.91, एचमध्ये 1.39, केमध्ये 1.85 मिळव.

उपग्रहाने क्ष-किरणांवरून दिलेल्या जागेच्या काही आर्कसेकंदांच्या वर्तुळात ठिपका सापडला म्हणून लगेच कळवू नकोस. तो मंदावायला हवा. तेज साधारण काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं, म्हणजे पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत अडीच प्रती. मंदावलाच नाही तर बहुधा दीर्घिका, जागा बदलली तर लघुग्रह. काळ स्फोटापासून मोजायचा, म्हणून सुरुवातीला घाई कर: विसाव्या मिनिटाला मिळणारा ठिपका चाळिसाव्या मिनिटाला पाऊण प्रतीने फिका झालेला असतो. दोन दिवसांनंतर मात्र तेवढंच उतरायला आणखी दोन दिवस लागतात, म्हणून दुसरी फेरी त्याच रात्री पहाटेपूर्वी उरकून घे.

तुझाच