६३ टक्के दाखवून बॅटरी बंद पडते, आणि तुम्ही तक्रारीचं तिकीट ‘सोडवलं’ म्हणून बंद करता

सर्व्हिस हेड साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. चौथं तिकीट पण ‘सोडवलं’ म्हणून बंद केलंय. काय सोडवलं ते सांगा.

भुदरगड तालुक्यात माझं दूध संकलन केंद्र आहे. तुमची ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घेतली ती याच्यासाठी, की पावसाळ्यात झाड पडलं की इकडं लाईट जाते आणि वजनकाटा, फॅट मशीन, कॉम्प्युटर बंद पडून चालत नाही. परवा संध्याकाळी दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली, ॲपवर ६३ टक्के, आणि खटकन सगळं बंद. मोबाईल बघतो तर ११ नंबरचा सेल २.५ व्होल्टला आलेला, बीएमएसनं, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या बोर्डानं, डिस्चार्ज तोडलेला, आणि डोळ्यासमोर ६३ चं एकदम ० झालं. बायका-पोरं किटल्या घेऊन अंधारात उभी. फॅट लागल्याशिवाय दर लागत नाही आणि संघाचा टेम्पो थांबत नाही, २१० लिटर दूध माझ्याकडं पडून राहिलं.

सेल खराब नाहीत. मी स्वतः बॅटरी फुल करून हजार वॅटचे हॅलोजन लावून बसलो, साडेचार तास चालली आणि तेव्हा टक्के बरोबर उतरत गेले. म्हणजे मोठा लोड बरोबर मोजला जातो. रात्री फक्त कॅमेरे, राऊटर आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खप असतो, तेव्हा क्लॅम्प मीटर लावला तर ०.९ अँपिअर आणि तुमच्या ॲपवर ०.०. रात्रीचे बारा तास धरले तरी ११ अँपिअर अवर हिशोबातच येत नाहीत. सहा दिवस ऊन नव्हतं, सोलरवर बॅटरी एकदाही फुल झाली नाही, त्यामुळे टक्क्यांचा हिशोब १०० वर रिसेटही झाला नाही. सहा रात्रींची चूक करा बेरीज, तुमचे ६३ कुठून आले ते कळेल. हे तुमच्या इंजिनिअरला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता आजचा फोन. आधी नेहमीसारखं ॲप काढून परत टाकायला लावलं, चौथ्यांदा. मग ताई म्हणाल्या, “सर पर्सेंटेज अंदाजेच असतं, तुम्ही व्होल्टेज बघून चालवा.” मी म्हटलं ताई, एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात हलतच नाही, ७० टक्के आणि ४० टक्के यात सोळा सेलला मिळून एक व्होल्ट पण फरक येत नाही, तेवढा तर लोड लावला की तसाच पडतो, म्हणून तर बीएमएसनं अँपिअर मोजायचे असतात. पलीकडं गप्प. मग म्हणाल्या, “सर घरात कुणी शिकलेलं असेल तर त्यांच्याकडं फोन द्या ना.” मी विचारलं काय म्हणालात, तर तेच वाक्य परत, आणखी हळू, लहान पोराला समजावतात तसं. शेजारी माझा मुलगा बसलेला, त्यानं सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, २२ वर्षं गावोगावच्या मोटारींचं वायंडिंग भरलंय. मला राग आलाच, पण त्याच्यापेक्षा वाईट वाटलं, कारण गावातल्या तीन जणांना मीच ही बॅटरी घ्यायला सांगितली होती.

मला नवीन बॅटरी नको. करंटची झिरो सेटिंग आणि कमी अँपिअरची मर्यादा (जिच्या खालचा करंट बोर्ड शून्य धरतो) तुम्ही पासवर्ड लावून बंद ठेवलीय, ती एकतर मला उघडून द्या नाहीतर माणूस पाठवून जागेवर कॅलिब्रेट करा, आणि बोर्डाला जमत नसेल तर बोर्ड बदला. चार तिकिटं बंद केलीत, पाचवं मी टाकणार नाही. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्यानं मला माझ्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो आणि मीटरचे, ॲपचे फोटो तारखेसकट ठेवलेत.

माणूस पाठवाल तेव्हा डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर बरोबर द्या. मागच्या वेळी आलेल्या पोराकडं फक्त एसीचा होता, त्यानं वायरला लावला, शून्य आलं, आणि तेच त्यानं रिपोर्टात लिहिलं.