एअर रायफलच्या ५० मीटरवरील अचूकतेतील दोषाबाबत तक्रार

दिनांक : ८ डिसेंबर २०२५
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हमी कालावधीतील पी.सी.पी. (सिलिंडरमध्ये आधीच दाबाखाली हवा भरून ठेवलेल्या) एअर रायफलच्या रेग्युलेटरमधील (हवेचा दाब नियंत्रित करणाऱ्या भागातील) दोष दूर करणे व सेवा केंद्राचा चुकीचा शेरा मागे घेणे याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची ४.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची एअर रायफल मी ३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, आपल्या ठाण्यातील अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. बीजक आणि एक वर्षाच्या हमीपत्राची प्रत सोबत जोडली आहे. ही रायफल ५० मीटरवरही अचूक आहे, असे आपल्या माहितीपत्रकात ठळकपणे छापले आहे आणि माझी खरेदी केवळ त्या एका वाक्यावर आधारलेली होती. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या क्लबातील मुलांना लांब पल्ल्याची ओढ लागली आहे. तो प्रकार .२२ रायफलचा, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीचा, आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. परंतु परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या रायफलवर मुलांना पल्ल्याचा आणि वाऱ्याचा अंदाज शिकवता यावा, असा माझा हेतू होता.

जून ते सप्टेंबर पावसामुळे क्लबची उघडी रेंज बंद असते. त्या काळात मी बंदिस्त रेंजवर १० मीटरवरच सराव केला आणि तेथे रायफलबद्दल माझी कसलीही तक्रार नव्हती. पाच छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरील त्यांच्या छिद्रांचा पसारा, सातत्याने ४ मिलिमीटरच्या आसपास येत होता. ऑक्टोबरमध्ये ५० मीटरवर गेल्यावर मात्र तीच रायफल, तेच छरे आणि तोच हात असूनही ग्रुप रुंदीला सुमारे २० मिलिमीटर आणि उंचीला ४६ मिलिमीटर येऊ लागला. ३ नोव्हेंबर रोजी मी रायफल आपल्या वाशी येथील सेवा केंद्रात दिली. १९ दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, ती परत मिळाली तेव्हा सोबत १० मीटरवरचे एक चाचणी कार्ड होते आणि त्यावर ‘रायफल निर्दोष, ग्राहकास सरावाची गरज’ असा शेरा होता.

हा शेरा मला मान्य नाही आणि त्याची कारणे मी सविस्तर मांडत आहे. नेमबाजाचा हात हलला किंवा ट्रिगर ओढताना झटका बसला, तर होणारी चूक कोनाची असते आणि ती अंतराच्या प्रमाणातच वाढते. म्हणजे १० मीटरवर ४ मिलिमीटरचा ग्रुप असेल, तर ५० मीटरवर तो पाचपट, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर व्हायला हवा. आणि माझ्या ग्रुपची रुंदी नेमकी तेवढीच आहे. उंची मात्र त्याच्या दुपटीहून अधिक आहे. ज्याचा हात कच्चा आहे, त्याचे छरे केवळ उभ्या रेषेत आणि केवळ लांबच्या पल्ल्यावरच का पसरावेत, याचे उत्तर आपल्या तंत्रज्ञांनी द्यायला हवे होते.

तरीही आधी मी दोष स्वतःकडेच शोधला. स्कोपच्या माउंटचे स्क्रू तपासून पुन्हा आवळले, पॅरॅलॅक्स (स्कोपमधील अंतरानुसारची जुळणी) १० मीटरवरून ५० मीटरवर आणून घेतला, नळी फेल्टच्या गोळ्यांनी स्वच्छ केली आणि तिच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहिली. सपाट तोंडाचे छरे या अंतरावर स्थिर राहत नाहीत, हे ठाऊक असल्याने मी गोल तोंडाचे, ०.५४७ ग्रॅम वजनाचे छरेच वापरत होतो. तरी आणखी दोन प्रकारचे छरे वापरून पाहिले. दुपारी खाडीकडून वारा सुटतो, म्हणून सगळ्या चाचण्या सकाळी नऊच्या आत, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून केल्या. यातील कशानेही उंचीत फरक पडला नाही. क्लबातील एका सहकाऱ्याची रायफल त्याच सकाळी, त्याच टेबलावर, त्याच डब्यातील छरे घालून मीच चालवली, तेव्हा ग्रुप दोन्ही दिशांना २२ मिलिमीटरच्या आत आला.

३० नोव्हेंबर रोजी मी क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजणारे यंत्र) लावून वेग मोजला आणि दोष समोर आला. रायफल आठ-दहा मिनिटे तशीच ठेवून झाडलेल्या पहिल्या छऱ्याचा वेग सेकंदाला २५१ मीटर होता, तर लगेच पाठोपाठ झाडलेल्या छऱ्यांचा वेग २३६ ते २३९ मीटरच्या दरम्यान होता. विश्रांतीनंतरचा पहिला छरा कागदावर दर वेळी वर लागत होता. त्यानंतर मी घड्याळ लावून बरोबर २० सेकंदांच्या अंतराने छरे झाडले. तेव्हा वेगातील फरक सेकंदाला ४ मीटरवर आला आणि ग्रुपची उंची ४६ वरून २६ मिलिमीटरपर्यंत घटली. त्या सकाळी माझ्या हातात काही बदल झाला नव्हता, बदलला होता तो दोन छऱ्यांमधील वेळ.

मी महापे येथील एका कारखान्यात दाबमापकांच्या कॅलिब्रेशनचे काम करतो, त्यामुळे हे लक्षण मला परिचयाचे आहे. सिलिंडरमधील हवा ठरावीक कमी दाबावर आणून तो दाब तेथेच रोखून धरणे, हे रेग्युलेटरचे काम. त्याची आतील सीट (झडप जिथे टेकते ती बैठक) नीट बसली नसेल, तर हवा सूक्ष्म प्रमाणात पाझरत राहते आणि रायफल जितका वेळ स्वस्थ राहील तितका रेग्युलेटरच्या पुढील बाजूचा दाब चढत जातो. हा दोष १० मीटरवर दिसत नाही, याचे कारणही सरळ आहे. छरा खाली येतो तो उड्डाणाच्या वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून वेगातील सेकंदाला १५ मीटरच्या फरकामुळे १० मीटरवर छऱ्याच्या उंचीत जेमतेम १ मिलिमीटर फरक पडतो, तर ५० मीटरवर तोच फरक सुमारे ३० मिलिमीटर होतो. त्यामुळे आपल्या केंद्राने केलेली १० मीटरवरची चाचणी या दोषाबाबत काहीच सिद्ध करत नाही. ५० मीटरची ग्वाही देणाऱ्या कंपनीकडे क्रोनोग्राफवरची साधी तपासणीही होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझी मागणी अशी आहे की, आपण हमीअंतर्गत रेग्युलेटर बदलून द्यावा, त्यानंतर दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतरचे आणि सलग झाडलेल्या छऱ्यांचे असे दोन्ही वेग मोजून त्याची लेखी नोंद ५० मीटरवरील कार्डासह द्यावी आणि रायफल सेवा केंद्रात राहील तितके दिवस, आधीचे १९ दिवस धरून, हमी वाढवून द्यावी. हे शक्य नसेल, तर रायफल परत घेऊन पूर्ण किंमत द्यावी. सेवा केंद्राच्या कार्डावरील शेराही लेखी मागे घ्यावा. हे मी मानापमानासाठी म्हणत नाही. हीच रायफल घेऊन शिकणाऱ्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाला असा शेरा मिळाला, तर तो यंत्राचा दोष स्वतःचा समजून महिनोन्‌महिने आपली पकड बदलत बसेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या ठाणे जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे मला दाद मागावी लागेल. कार्डे, क्रोनोग्राफच्या नोंदी व छायाचित्रे या पत्रासोबत जोडली आहेत. आपल्या तंत्रज्ञांना ही चाचणी प्रत्यक्ष पाहायची असल्यास कोणत्याही रविवारी सकाळी सात वाजता मी रेंजवर उपलब्ध आहे.

आपला विश्वासू,
तक्रारदार ग्राहक
(नाव, सही व संपर्क बीजकाच्या प्रतीवर)