नव्या घरातल्या पहिल्या लक्ष्मीपूजनाआधी

केळशी, नवान्न पौर्णिमा

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या घरातले तुमचे हे पहिले लक्ष्मीपूजन. त्यासाठी हातातून नाण्यांची धार पडते आहे अशी तसबीर आणावी की चांदीची लहान मूर्ती, असे तू परवा फोनवर विचारलेस. तेव्हा खळ्यात भात झोडायला माणसे आलेली होती, त्यामुळे नीट बोलता आले नाही. तसबीर आणलीस तरी चालेल आणि मूर्ती आणलीस तरी चालेल. पण जिच्यापुढे हात जोडायचे ती कोण, हे तुला ठाऊक असावे असे मला फार वाटते, कारण नाण्यांची ती धार मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे.

आजोबा दर शुक्रवारी श्रीसूक्त म्हणत, हे तुला आठवत असेल. ऋग्वेदाच्या खिलसूक्तांतले, म्हणजे परिशिष्टातल्या सूक्तांतले, हे 15 ऋचांचे सूक्त लग्न होऊन या घरी आल्यावर ऐकून ऐकूनच माझे पाठ झाले, अर्थ मात्र मी पुष्कळ वर्षांनी पाहिला. आरंभी सोन्यारुप्याच्या माळा, गाई, घोडे, हत्तींचा नाद असे सगळे वैभव आहे. पुढे नवव्या ऋचेत मात्र तिला 'करीषिणी' म्हटले आहे. करीष म्हणजे सुकलेले शेण. जिथे गुरेढोरे भरपूर आहेत, शेणाची वाण नाही, तिथे नांदणारी ती करीषिणी. अकराव्या आणि बाराव्या ऋचेत तिच्या दोन मुलांना विनवले आहे, की तुम्ही आमच्या घरी राहा आणि तुमच्या आईलाही इथे राहू द्या. त्या मुलांची नावे आहेत कर्दम आणि चिक्लीत, म्हणजे चिखल आणि ओलावा. त्यापुढच्या दोन्ही ऋचा तर 'आर्द्रां' याच शब्दाने सुरू होतात.

हा अर्थ मी वाचला तो आषाढातला दिवस होता. सकाळभर खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान शेतात, लावणी करून आले होते, पाय धुतले तरी नखांच्या कडांत काळा चिखल तसाच होता, आणि पोथी हातात घेताना त्याची मला लाज वाटत होती. ती त्या दिवशी गेली.

तेव्हापासून मी तिची चित्रे या नजरेने पाहते. ती कमळात बसते आणि कमळ चिखलात रुजते. दोन बाजूंचे हत्ती सोंडा उंचावून तिच्यावर घागरी रिकाम्या करतात, ते पावसाने भरलेले ढग आहेत असे जाणकार सांगतात, आणि आपल्यासारख्या पावसावर जगणाऱ्या मुलखाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ही गजलक्ष्मी सांचीच्या स्तूपावर दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहे, आणि दक्षिण कोकणात व गोव्यात तीच कित्येक गावांतून दगडी पाटावर कोरलेली, केळबाई या नावाने पुजली जाते. समुद्रमंथनातून ती वर आली तीही पाण्यातूनच. तुमच्या मुंबईच्या महालक्ष्मी मंदिरातल्या मूर्ती वरळीचा बांध घालताना समुद्रात सापडल्या, अशी आख्यायिका आहे.

आता केरसुणीविषयी, कारण पूजेत तिला लक्ष्मी म्हणून का मांडायचे हे तू लहानपणी विचारले होतेस आणि तेव्हा मी तुला नीट उत्तर दिले नव्हते. श्रीसूक्ताच्या आठव्या ऋचेत अलक्ष्मीचे वर्णन 'क्षुत्पिपासामलां' असे आहे: भूक, तहान आणि मळ. अलक्ष्मी म्हणजे पैसा नसणे, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. मळ बाहेर काढते ती केरसुणी, म्हणून तिला हळदकुंकू. नवी केरसुणी आण, पूजा होईपर्यंत ती वापरू नकोस, आणि तिला कधीही पाय लागू देऊ नकोस.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. बाबांच्या आजारपणानंतर तीन वर्षे आपण खालचे दोन्ही कुणगे पड टाकले होते. माणूस मिळत नव्हते आणि माझ्याने एकटीने होत नव्हते. त्या वर्षांत घरात पैशाची ओढ नव्हती, दादा वेळेवर पाठवत होता, आणि तरी नवान्न पौर्णिमेला दाराला बांधायच्या लोंब्या मला शेजारच्या घरी मागाव्या लागल्या व खिरीला दुकानातले तांदूळ घ्यावे लागले. त्या खिरीचा नैवेद्य दाखवताना माझा हात अडला होता. यंदा खालचा एक कुणगा लावला आहे. भात फार नाही, पण आपले आहे.

पूजा आश्विन अमावास्येला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर करावी. चौरंगावर तांदळाची रास, तीवर कलश, शेजारी केरसुणी आणि तुमचा जमाखर्चाचा कागद. नैवेद्याला साळीच्या लाह्या, बत्तासे, धने आणि गूळ. लाह्या विसरू नकोस, कारण त्या भाताच्याच असतात. दारापासून देवघरापर्यंत पावले काढायची ती तांदळाच्या ओल्या पिठाने, रंगीत चिकटपट्टीची नकोत. स्वयंपाकघर आदल्या दिवशी धुऊन काढ, आणि त्या संध्याकाळी घरी कामाला येणाऱ्या बाईंना आधी जेवायला वाढ.

शनिवारच्या एसटीने दादाबरोबर दोन पायली नवे तांदूळ आणि लोंब्यांची एक जुडी पाठवते आहे. आंब्याचे पान, कुरडूचे तुरे आणि झेंडू घालून मी ती आज सकाळीच बांधली, कापडात गुंडाळली आहे तरी दाणे झडतील, तेव्हा कापड परातीत सोडून मगच उलगड. झडलेले दाणे कलशाखालच्या राशीत घाल.

तुझी,
आई