पांढऱ्या चिंधीचा हट्ट नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पिस्तुलाच्या देखभालीवर आलेला लेख वाचला. नेमबाजीसारख्या विषयाला जागा दिलीत याचा आनंद झाला. पण त्यातला एक सल्ला वाचून राहवलं नाही. बॅरलमधली, म्हणजे पिस्तुलाच्या नळीतली काजळी निघत नसेल तर स्टीलच्या तारेचा ब्रश वापरावा आणि चिंधी पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत घासत राहावं, असं त्यात म्हटलं आहे. मी १९ वर्षं २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळते आहे आणि गेली ८ वर्षं क्लबच्या पिस्तुलांची साफसफाई माझ्याकडे आहे. या सल्ल्याने काय होतं, ते मी हातात घेऊन पाहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा त्याचं पॉइंट टूटूचं (०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं) पिस्तूल घेऊन आला. "ताई, काडतूस पूर्ण बसत नाही, स्लाइड केसभर उघडी राहते." त्याने तासभर स्टीलच्या ब्रशने घासलं होतं. बॅरल स्थिर असल्यामुळे मागून गज (ब्रश लावायची लांब काठी) जात नव्हता, म्हणून तोंडाकडून. आत टॉर्च मारला तर नळी लखलखीत, आणि चेंबर (काडतूस बसतं तो मागचा भाग) जिथे संपतं तिथे काळं कडं जसंच्या तसं! ज्या काजळीने अडवलं होतं तिला हातही लागला नव्हता. उलट गजाच्या घर्षणाने बॅरलच्या तोंडाची कड एका बाजूला घासली गेली होती. गोळी बाहेर पडताना मागचा वायू या कडेवरून सगळीकडे सारखा सुटावा लागतो. कड एकीकडे झिजली की वायू आधी तिथून निसटतो आणि गोळी कलते. प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरून मारायच्या फेरीच्या) लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. टेकू देऊन मारलं तर त्या पिस्तुलाच्या गोळ्या एरवी त्याच्या आत जात. आता त्या आठपर्यंत पसरायला लागल्या. तो मुलगा माझ्यासमोर रडला, ते मी विसरलेले नाही.

हे कडं इतकं चिवट का, तेही सांगायला हवं. पॉइंट टूटूची गोळी शिशाची, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात. दर वेळी गोळी झाडली की जळालेल्या दारूची काजळी, वितळलेलं मेण, शिशाचे कण आणि प्रायमरचा (दारू पेटवणाऱ्या मसाल्याचा) अवशेष चेंबरच्या पुढच्या कडेला साचतात आणि पुढच्या गोळीच्या उष्णतेत भाजले जातात. पॉइंट टूटूसारख्या रिमफायर (कडेवर घाव बसून उडणाऱ्या) काडतुसाच्या प्रायमरमध्ये बहुधा काचेची बारीक पूडही असते. म्हणजे हा थर नुसता मऊ काळा नसतो, खरखरीत असतो. तो कोरडा घासला की तीच पूड बॅरलच्या खाचांवरून ओढली जाते.

माझी पद्धत संथ आहे. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे घ्यायची, चेंबर डोळ्याने पाहायचं आणि बोट घालूनही तपासायचं. काडतुसं त्या खोलीतच नकोत. सरावानंतर बॅरल कोमट असतानाच कार्बनसाठीच्या, म्हणजे काजळी सोडवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी पुल-थ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) मागून पुढे ओढायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग चेंबरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश त्या कड्यापर्यंत नेऊन हातानेच चार-पाच वेळा फिरवायचा, पुसायचं, पुन्हा भिजवायचं. फार जुना थर असेल आणि बॅरल सुटं होत असेल तर एका टोकाला रबरी बूच लावून सॉल्व्हंट भरून रात्रभर ठेवते. पण बाटलीवरची सूचना आधी वाचून. अमोनिया असलेलं सॉल्व्हंट तांब्यासाठी असतं. ते कार्बनला सोडवत नाही आणि तासन्‌तास आत ठेवायचं नसतं. मी स्वतः सुरुवातीला दोन आठवडे तेच वापरत राहिले. चिंधीवर निळा-हिरवा डाग यायचा आणि मला वाटायचं मळ निघतोय. तो माझ्या ब्राँझच्या ब्रशचाच रंग होता. शिशाच्या गोळ्या मारणाऱ्या पिस्तुलात तांबं येणार कुठून?

तोंडाकडूनच गज घालावा लागत असेल तर तोंडावर गाईड (गज कडेला घासू न देणारं बूच) लावावं. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नये, पूर्ण पार नेऊनच परत ओढावा. शेवटी तेलाचा पातळ हात, आणि पुढच्या सरावाआधी कोरडी चिंधी. नळीत तेल राहिलं तर पहिल्या काही गोळ्या भरकटतात.

राहिली पांढऱ्या चिंधीची गोष्ट. सॉल्व्हंटची चिंधी राखाडी येतच राहते, आणि पॉइंट टूटूचं बॅरल थोडी काजळी बसल्यावरच स्थिरावतं. अगदी कोरं केलं तर ग्रुप (लक्ष्यावर जवळजवळ पडणाऱ्या गोळ्यांचा पुंजका) पुन्हा जमेपर्यंत बरीच काडतुसं जातात. ग्रुप पसरला किंवा काडतूस बसताना अडलं, की मी खोल सफाई करते. चेंबर मात्र दर सरावानंतर पुसते.

लेखात हातमोज्यांचा उल्लेखच नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटलं. त्या काळ्या चिंध्यांत शिसं असतं, आणि मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कोणतंच प्रमाण माहीत नाही. जेवणाच्या टेबलावर ही सफाई नको. खिडक्या उघड्या हव्यात, चिंध्या बंद पिशवीत टाकाव्यात, आणि मूल उचलून घेण्याआधी हात गार पाण्याने, साबण लावून धुवावेत.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान स्टीलच्या ब्रशची आणि हातमोज्यांची दुरुस्ती ठळक छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक पिस्तूल नेमबाज