गॅसेस असतील, असं काका म्हणणारच

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय बंड्या,

फोनवर तुझा प्रश्न अर्धवट राहिला. तू तिकडे बंगळुरात, इथे काका-काकू दोघंच. ॲम्ब्युलन्स नेमकी कधी बोलवायची?

१०८ नंबर काकांना पाठ आहे. २०१४ पासून ही सेवा राज्यभर चालू आहे, फुकट आहे, आणि तिची कंट्रोल रूम इथेच, औंधला. पण नंबर लावायची वेळ आली की काका म्हणणार, "गॅसेस असतील. सोडा घेतो. नाहीतर रिक्षाने जाऊ, दारात भोंगा कशाला?" तू त्यांचं हे ऐकून घ्यायचं नाहीस. लकडी पुलावर रिक्षात हृदय थांबलं तर रिक्षावाला काय करणार बिचारा? १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. उपचार जिन्यापासूनच सुरू होतात.

छातीवर दाब, घाम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात: लगेच फोन. काकूंना मधुमेह आहे, हार्ट ॲटॅक आला तरी त्यांची छाती कदाचित दुखणारही नाही. नुसता दम, मळमळ, एकाएकी गळून जाणं, एवढंच दिसेल. त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेव.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं जड झालं, तर तो पक्षाघात समज. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी फोन करायचाच. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवायची. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालायचं नाही.

वाक्य पुरं होऊ नये इतकी धाप, शुद्ध हरपणं, पाच मिनिटांत न थांबणारी आकडी, दाबून धरूनही वाहणारं रक्त, इथेही विचार करत बसू नये. आणि बाथरूममध्ये पडून उठता येत नसेल तर शेजाऱ्यांनी काखेत धरून उभं करू नये. खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. जुलाब, साधा ताप, मुरगळलेला पाय, याला मात्र रिक्षा झकास.

फोनवर पुणेरी पत्ता नको. "जोशांच्या वाड्यामागे" हे ड्रायव्हरला काय कळणार? इमारतीचं नाव, रस्ता, मजला सांगायचा, आणि तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही हेही. एकाने बोळाच्या तोंडाशी उभं राहायचं. गणपतीत लक्ष्मी रस्ता बंद असला तर गाडी कुठून आत येईल, ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

जवळ कुठे रात्रीसुद्धा अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणं, होते, ते मी विचारून ठेवतो. रविवारी तुमच्याकडे जाऊन कागद फ्रिजवर चिकटवतो. दोघांच्या औषधांची यादी व्हॉट्सॲप कर. काका रक्त पातळ करणारी गोळी घेतात ना, ती विसरू नकोस. काकांची कुरकुर मी ऐकतो, काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडीही मीच खातो.

तुझा,
मन्या